संकष्टीच्या दिवशी वाइनची सहल

आमच्या मॉरिशसमध्ये द्राक्षं पिकत नाहीत. वाइन मात्र होते. ही गोष्ट मला नोकरीतून निवृत्त झाल्यावर कळली. कळल्यावर आधी राग आला आणि मग उत्सुकता वाटली. माझ्या बाबतीत बहुतेक गोष्टी याच क्रमानं होतात.

राग कशाचा, ते सांगते. माझा धाकटा भाऊ भिवा लॉंग माउंटनला राहतो, थोडा ऊस आणि भाजीपाला करतो. त्याची मुलगी सरू रसायनशास्त्र घेऊन शाळेची शेवटची परीक्षा उत्तम तऱ्हेनं पास झाली आणि नंतर घरी बसून शेजारणींच्या पोलक्यांना काजं करत राहिली, कारण सरकारी कचेऱ्यांत तिच्यासाठी जागा निघेना. शेवटी फिनिक्सच्या एका वाइन कारखान्यातून बोलावणं आलं. तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस हवी होती. पगार बरा, काम बसून, जाण्यायेण्याला बस.

भिवा नाही म्हणाला. त्याच्या घरात दारूचा थेंब शिरलेला नाही, हे खरं आहे. पण त्याचा नकार पक्का केला तो आमच्या मराठी मंडळाच्या एका सन्माननीय गृहस्थांनी. ते मुद्दाम घरी येऊन सांगून गेले की मराठ्याची पोर दारूच्या कारखान्यात गेली तर समाजाला मान खाली घालावी लागेल. त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या तोंडाला रमचा वास येत होता. रम उसाची असल्यामुळे बहुधा समाजाला चालत असावी.

मी दुसऱ्याच दिवशी भिवाकडे गेले. मी इस्पितळात नर्स होते, त्यामुळे हट्टी माणसांना औषध कसं पाजायचं ते मला माहीत आहे.

"तू वाइनचा कारखाना पाहिला आहेस?" मी विचारलं.

"बघायचं काय त्यात, बाय? दारू ती दारू."

"न बघता नाही म्हणणारा माणूस आणि न बघता हो म्हणणारा माणूस, दोघांत मला फरक दिसत नाही."

तो चिडला, पण शेवटी तयार झाला. ठरलं असं की एक दिवस गाडी करून वर पठारावर जायचं, दारू आणि वाइन जिथे जिथे होते ती ठिकाणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, सगळ्यात शेवटी फिनिक्सचा कारखाना पाहायचा आणि तिथेच भिवानं हो की नाही ते सांगायचं. जे सांगेल ते मी आणि सरूनं मुकाट ऐकायचं. भिवानं देव्हाऱ्यातल्या गणपतीवर हात ठेवून हे कबूल केलं. सरू दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "आते, शेवटचं ठिकाण ते नको होतं. तोवर बाबा दमतात."

ज्यांना अशी सहल करायची असेल त्यांनी थंडीचे महिने निवडावेत, म्हणजे जुलै किंवा ऑगस्ट. ऊसतोडणी चालू असते, गिरण्यांना जाग असते. मात्र रस्त्यात उसाच्या लॉऱ्या आडव्या येतात, म्हणून सकाळी लवकर निघावं. गाडी लॉंग माउंटनजवळच्या तेर रूजहून दिवसभराच्या भाड्यानं मिळते. बसनं जायचं तर पोर्ट लुईला उतरून बदलावी लागते आणि बराच वेळ तिथेच जातो. आगगाडी होती तेव्हा वर जाणं सोपं होतं, पण ती बंद करून शहाण्या लोकांनी रूळ उपटले. बरोबर स्वेटर आणि छत्री हवीच. खाली समुद्राकाठी घाम पुसणाऱ्या माणसाला वर क्यूरपीपला दात वाजतील यावर विश्वास बसत नाही.

नकाशा, वेळा, क्रम सगळं मी ठरवलं. गुरुवार नक्की केला. शुक्रवारी गाडीवाला कासिम नमाजाला जातो, म्हणून शुक्रवार टाळण्याइतकी अक्कल मला होती. पण माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर शहरातल्या फ्रेंच दुकानातलं. त्यात रोजचे संत असतात, संकष्टी नसते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईचं असंच होतं. माझा बाप तिथल्या बागेत माळी होता, म्हणून नन लोकांनी मला फुकट शिकवलं आणि बाराही महिन्यांचे संत पाठ करून घेतले. चतुर्थी कधी आहे ते मला अजून शेजारणीला विचारावं लागतं.

"बाय, आज संकष्टी हाय," भिवा गाडीत बसता बसता म्हणाला. त्याच्या हातात केळी आणि उकडलेल्या पताटांचा डबा होता. पताट म्हणजे आमच्याकडचं रताळं.

"मग तू घरी राहा. आम्ही बघून येतो."

"पोरगी माझी, सांगायचं मी, आणि बसू घरी?"

कासिमनं आरशातून मागे पाहिलं. "म्हणजे मी पीत नाही, हे पीत नाहीत, वर आज यांचा उपास. चांगली माणसं निघाली दारू बघायला."

पोर्ट लुई ओलांडून गाडी मोकाच्या चढाला लागली तशी हवा पातळ आणि गार झाली. सें पिएरच्या आसपास दोन्ही बाजूंना ऊस. तोडलेल्या तुकड्यांवर जमीन एकदम उघडी दिसत होती आणि काळ्या दगडांचे ढीग मधूनमधून उभे होते. ते ढीग आमच्या आज्या-पणज्यांनी उसासाठी जमीन साफ करताना रचलेले आहेत. भिवा प्रत्येक खेपेला ते दाखवतो, या खेपेलाही दाखवले.

पहिलं ठिकाण सें पिएरच्या पलीकडे, एका साखर कारखान्याला जोडलेली रमची भट्टी. मी आधी निरोप पाठवला होता. तरी फाटकावरचा पहारेकरी माझ्याकडे आणि सरूकडे पाहून म्हणाला, "फाम पा कापाव रांत्रे." बाईमाणसाला आत जाता येणार नाही.

"का?"

"आत मशिनी आहेत, मादाम."

"त्यांना आमची लाज वाटते का?"

त्यानं फाटकाची कडी काढून भिवाला खुणावलं. आमच्याकडे असल्या प्रश्नांना उत्तर न देणं हा नोकरीचाच भाग असतो. भिवाला एकट्याला आत सोडलं. आम्ही दोघी गाडीपाशी उभ्या राहिलो. मी रागानं येरझाऱ्या घालत होते आणि सरू शांतपणे वास घेत होती. "मळी आंबतेय," ती म्हणाली. "आते, वास बघा ना. आधी गूळ, मग आंबट, मग मागून काहीतरी केळ्यासारखं." मला फक्त गोठ्यासारखा वास आला होता. तिनं सांगितल्यावर केळं आलं.

भिवा नाकाला रुमाल लावून बाहेर आला. "गोठ्यात पाक सांडल्यागत हाय सगळं. आणि तिथली माणसं घामानं निथळतायत, कमरेच्या वर उघडी. हितं माझी पोरगी? कधीच न्हाय."

"इथं नाहीच, बाबा. फिनिक्सला."

"तितं काय, गुलाबाचं पाणी काढतात?"

मी सरूकडे पाहिलं. ती ओठ मुडपून गाडीत बसली. माझं नियोजन पहिल्याच ठिकाणी तोट्यात गेलं होतं. तुम्ही जाणार असाल तर हे ठिकाण गाळा. बाई असाल तर ते ठिकाण तुम्हाला गाळेलच.

तिथून आडव्या रस्त्यानं क्यूरपीपला. चढ जाणवत नाही, पण काचांवर धुकं येतं आणि पावसाचं बारीक भुरभुरणं सुरू होतं. ते छत्रीला जुमानत नाही, बाजूनं येतं. क्यूरपीपच्या लोकांना विचारलं तर ते म्हणतात पाऊस नाही, हवा ओली आहे. बांबूची कुंपणं, लाकडी घरं, पत्र्याची छपरं आणि हिरवा मॉस सगळीकडे. मला हे गाव आवडतं. इथे माणसं घाई करत नाहीत, कारण घाई केली तर घसरतात.

दुसरं ठिकाण म्हणजे एका म्हाताऱ्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, बाईचं घर. इस्पितळात माझ्या वॉर्डात आली होती तेव्हापासून ओळख. सगळे तिला मादाम म्हणतात. परसातल्या खोलीत ती फळांची वाइन करते, म्हणजे इथल्या क्रिओल बोलीत दिवें: अननसाची, लिचीची आणि जांभळाची. जांभळाची, हे भारतातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं. खोलीत मोठ्या गोल पोटाच्या काचेच्या बाटल्या रांगेनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीला जुनी ब्लँकेटं गुंडाळलेली. मध्ये कोळशाची शेगडी.

"बाळंतिणी आहेत का या?" मी विचारलं.

"त्याहून नाजूक," मादाम म्हणाली. "थंडी लागली की फसफसायचं थांबतात. खाली पोर्ट लुईला केली तर दोन दिवसांत उकळून व्हिनेगर होतं. इथे सावकाश होते. वाइनचं माझ्यासारखंच आहे, हवा गार लागते आणि ढोसणारं कुणी नको."

तिनं छोट्या ग्लासांत जांभळाची वाइन दिली. रंग आपल्या जांभळ्या शाईचा, चव सुरुवातीला गोड आणि मग जिभेला ओढून धरणारी, जांभूळ खाल्ल्यावर होतं तशी. मला आवडली. कॉन्व्हेंटमध्ये चॅपेलच्या कपाटातल्या बाटल्या मी रोज पुसायची, पण त्यांतलं आम्हाला कुणी कधी दिलं नाही.

सरूनं ग्लास उजेडाकडे धरला, वास घेतला, घोट तोंडात फिरवला आणि दारातल्या कुंडीत थुंकला. भिवा छत्रीखालून, अंगणातून हे पाहत होता. दारूच्या खोलीत पाय टाकायचा नाही म्हणून तो पावसात उभा होता.

"मी काय थुंकायला करते?" मादाम म्हणाली.

"नाही, मादाम. चव कळते, प्यावं लागत नाही. पुस्तकात असंच सांगितलंय."

"पुस्तक लिहिणारा माणूस मला भेटायला हवा होता. त्याच्याशी मी लग्न केलं असतं. माझा तर काही थुंकत नव्हता."

भिवाला हसू आलं आणि ते त्यानं खोकल्यात लपवलं. खोकला मात्र खरा निघाला. अर्धा तास ओल्या हवेत उभं राहून त्याचं नाक बंद झालं होतं. मी आत ये म्हटलं, तो आला नाही. आम्ही रस्त्यावर दालपुरी खाल्ली, बटाट्याची भाजी आणि तिखट चटणी घालून. थोड्याशा पैशांत पोट भरतं, जाणाऱ्यांनी चुकवू नये. भिवानं पताटं खाल्ली. केळी त्यानं मादामच्या नातवंडांना वाटून टाकली होती.

दुपारी उतारानं फिनिक्सला आलो. इथवर मी पाहत होते की भिवाचा चेहरा घट्ट होत चालला आहे. रमची भट्टी त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. सरू मांडीवरच्या रुमालाला पीळ घालत होती. गाडीतून उतरताना ती मला हळूच म्हणाली, "नाही म्हणाले तर मी पुन्हा काजं करीन, आते. पण मला हे नीट बघून तरी घेऊ द्या."

कारखाना म्हणजे विटांची लांब इमारत, आत सिमेंटच्या टाक्या आणि लाकडी पिंपं. प्रयोगशाळेचे साहेब चिनी वंशाचे, चाळिशीचे, चष्मेवाले. सगळे त्यांना मस्ये, म्हणजे क्रिओलमध्ये साहेब, म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं. मला पहिला प्रश्न तोच होता, द्राक्षं कुठली?

"द्राक्षं नाहीत. मनुका आहेत," मस्ये म्हणाले आणि पोत्यांची थप्पी दाखवली. जहाजानं आलेल्या मनुका. त्या कोमट पाण्यात भिजवायच्या, फुगल्या की खमीर घालायचं, टाकीत काही दिवस फसफसू द्यायच्या, मग गाळायच्या. वाळलेल्या द्राक्षाला पुन्हा द्राक्ष करून त्याची वाइन. मला ही कल्पना फारच आवडली. निवृत्त माणसांना आशा वाटावी अशी आहे.

प्रयोगशाळा स्वच्छ होती, माझ्या वॉर्डइतकी. सरूला एक उंच काचेचं भांडं दिलं आणि त्यात तरंगणारी नळी. रसात साखर किती उरली ते त्या नळीवर वाचता येतं. सरू डोळे नळीच्या रेषेला आणण्यासाठी गुडघ्यांवर बसली, आकडा सांगितला, मग म्हणाली, "रस गार आहे. थोडा फरक धरावा लागेल ना?" मस्येंनी चष्मा काढून पुसला. "सोमवारपासून या," ते म्हणाले. "पण आज सांगा. दुसरा एक मुलगा विचारून गेलाय."

"बाबांना विचारायचंय," सरू म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की भिवा आमच्यात नाही. तो मागच्या दारानं अंगणात गेला होता, कासिमपाशी. मी बोलवायला निघाले, तोच तो स्वतः आत आला. गाल लाल, टोपी मागे सरकलेली, ओंजळीत मनुका.

"बाय, ही माणसं चांगली हायत," तो मोठ्यानं म्हणाला. "मागं टब भरून मनुका ठेवल्यात, भिजवलेल्या. आई द्यायची न्हाय का उन्हाळ्यात? अगदी तश्शा. उपासाला आणखी काय पाहिजे? मी खाल्ल्या, कासिमला पण म्हटलं घे, हा घेईना." मग मस्येंच्या पाठीवर थाप मारून, "जिथं मनुका भिजवून ठेवतात तिथं माझी पोरगी येणार. माझा होकार."

मस्ये माझ्याकडे पाहू लागले आणि मी मस्येंकडे. टबातल्या मनुका गाळून उरलेल्या होत्या. टाकीत दिवसेंदिवस वाइनमध्ये पडून फुगलेल्या, डुकरं पाळणारा संध्याकाळी घेऊन जातो त्या. भिवाचं नाक बंद, पोट अर्धं रिकामं आणि आयुष्यात कधी घोट घेतलेला नाही. उपासाच्या फराळानं त्याला चढली होती.

मी तुमच्यापासून लपवत नाही, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. होकार मिळाला होता, साक्षीदारांसमोर. मी सरूच्या दंडाला चिमटा काढला, म्हणजे आभार मान आणि चल.

सरूनं दंड सोडवून घेतला. "मस्ये, हा होकार आज धरू नका," ती म्हणाली. "बाबा उपाशी आहेत. मी उद्या सांगते."

"उद्या दुपारपर्यंत," मस्ये म्हणाले. "त्यापुढे मला थांबता येणार नाही."

गाडीत मी तिच्याशी बोलले नाही. भिवा पुढच्या सीटवर झाकरीची गाणी म्हणत होता, आमच्या झाकरीच्या नाचात ढोलकीबरोबर म्हणतात ती, आणि कासिम स्टिअरिंगवर ताल धरत होता. पोर्ट लुईच्या बंदरातली जहाजं दिसली तेव्हा गाणं थांबलं. भिवा मागे वळून म्हणाला, "पोरी, मी हो म्हटलं आणि तुझं तोंड असं का?"

"बाबा, त्या मनुका वाइनमधल्या होत्या. तुम्हाला चढली आहे."

कासिमनं वेग कमी केला, कशासाठी ते त्यालाच माहीत.

"तुला कवा कळलं?" भिवानं विचारलं.

"तुम्ही आत आलात तेव्हाच. वास येत होता."

"बायला?"

"मलाही कळलं होतं," मी म्हणाले.

घरी उतरल्यावर भिवा हातपाय धुऊन देव्हाऱ्यासमोर उभा राहिला आणि न जेवता आत जाऊन झोपला. संकष्टी सोडली नाही. मला वाटलं, संपलं सगळं. देवावर हात ठेवून दिलेला शब्द, देवाचाच दिवस आणि दारू. आता तो नाही म्हणेल आणि त्याला कुणी दोष देणार नाही. मी तिथेच राहिले. सरूला मी बरंच काही बोलणार होते. ती चुलीपाशी बसून काजं करत होती, ते पाहून बोलले नाही.

सकाळी भिवा आंघोळ करून, कोट घालून ओट्यावर बसला होता. लग्नाला घालतो तो कोट.

"कुठे निघालास?"

"तेर रूजला. तिथल्या दुकानात टेलिफोन हाय. तू चल, साहेबाशी बोलायला पाहिजे. मला त्याची फ्रेंच जमत न्हाय."

"काय सांगायचं?"

त्यानं बुटांच्या नाड्या बांधल्या. "काल मी हो म्हटलं, ते मनुका बोलल्या. आता मी बोलतो. सरूनं गप राहून नोकरी घेतली असती तर मला आयुष्यात कळलं नसतं. तू पण गप राहिलीस, बाय."

"राहिले," मी म्हणाले.

"बापाला चढलीय हे जी पोरगी बापाला तोंडावर सांगते, तिला कोण काय चढवणार?" तो उठला. "आणि मंडळाचा तो गृहस्थ आला तर त्याला माझ्याकडे पाठव. त्याला मी मनुका देतो."

टेलिफोनवर मी मस्येंना फ्रेंचमध्ये होकार कळवला. भिवानं माझ्या हातातून फोन घेतला आणि क्रिओलमध्ये ओरडून सांगितलं की हा होकार उपाशीपोटी नाही, चहा-पाव खाऊन आहे.

आता सहलीतून काय उरलं म्हणाल, तर मादामची जांभळाची एक बाटली माझ्या औषधांच्या कपाटात आहे. रविवारी छोटा ग्लास घेते, थुंकत नाही. सें पिएरच्या कारखान्याला मी बायकांना आत का सोडत नाही असं विचारणारं पत्र पाठवलं, उत्तर आलेलं नाही. माझ्या कॅलेंडरवर संतांच्या नावांशेजारी आता चतुर्थीला पेन्सिलीनं खूण असते, ती सरू करून देते. ती रोज पहाटेच्या बसनं वर जाते. संध्याकाळी परत येते तेव्हा तिच्या स्वेटरला मनुकांचा वास असतो आणि भिवाची नाक मुरडणारी शेजारीण पुडी बांधून मनुका स्वस्तात मिळतील का असं विचारते.

पुढच्या संकष्टीला मी लॉंग माउंटनला होते. फराळाच्या ताटात पताटं, केळी आणि वाटीत भिजवलेल्या मनुका. भिवाचं नाक त्या दिवशी चांगलं उघडं होतं. तरी त्यानं वाटी उचलून सरूपुढे धरली.

"आधी तू बघ."

सरूनं एक मनुका बोटांत दाबली, उजेडाकडे धरली, वास घेतला. हे सगळं तिनं अगदी गंभीरपणे केलं, कामावर करते तसं.

"कोरेक, बाबा," ती म्हणाली. "खा."

मग त्यानं खाल्ल्या.